धनेशीने पाठवलेला पत्ता

जंगलात इंटरनेट नुकतंच पोचलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. सुगरणीने पिकलेल्या फळांची वेबसाइट बांधली होती. ढोलीत पिल्लांजवळ अडकलेली धनेशी त्यावर शोधायची: फळ उंबर, अंतर दोन कोस. मग त्या पानाची लिंक नवऱ्याला पाठवायची. पण धनेशाने ती उघडली की निवड पुसलेली असायची आणि जंगलातली सगळीच झाडं समोर यायची. बिचारा भटकून रिकाम्या चोचीने परतायचा. पिल्लं रडायची.

"सुगरणबाई, तुमचं पान फार विसराळू आहे हो," धनेशी म्हणाली.

सुगरणीला वाईट वाटलं. तिने शोधणाऱ्याची निवड पानाच्या पत्त्यातच, म्हणजे त्या लिंकमध्येच, विणून टाकली. फळाच्या जागी फळाचंच नाव आणि अंतराच्या जागी आकडाच बसेल, अशी घट्ट वीण घातली.

माकडाने लगेच अंतराच्या जागी 'शेपूट' लिहून पाहिलं. पान कोलमडलं नाही. "शेपूट म्हणजे किती कोस रे? आकडा सांग," असं पानच म्हणालं, तेव्हा माकडासकट सगळे खो खो हसले.

संध्याकाळी धनेश चोच भरून आला आणि उंबरं ढोलीत भरवून म्हणाला, "अगं, तू पाहिलेलंच झाड मलाही दिसलं!"

ढोलीतून नुसता मचमच आवाज आला. आत सगळ्यांची तोंडं उंबरांनी भरली होती.