खडूची रेघ

"आणि ही खडूची रेघ कशासाठी, उस्ताद?"

कुनिगुंडेबाईंनी शिरस्त्राण खिडकीपाशी उजेडात नेलं. आउग्सबुर्गच्या चिलखतकारांच्या गल्लीत लीनहार्ट उस्तादाच्या कामाला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. पण तोंडावरच्या झडपेवर, डोळ्यांच्या उंचीला, एक आडवी पांढरी रेघ होती.

"तिथं फट कापायची राहिलीय."

"फट नको, असा निरोप धाडला होता मी."

"मिळाला."

"मग?"



बाईंनी बाहीनं रेघ पुसून टाकली.

इथं गोष्ट सांगणारी मी बाईंच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते. माझ्या मताला कुणी विचारत नाही, ते बरंच आहे.

"माझ्या वेंडेलच्या वडिलांच्या शिरस्त्राणाला फट होती," बाई म्हणाल्या. "करंगळीसुद्धा शिरणार नाही एवढी. ते घोड्यावरून पडले. कुणीतरी छातीवर बसलं, आणि त्या फटीतून कट्यार…"

"ठाऊक आहे. ते मीच घडवलं होतं."

"म्हणून तर तुमच्याकडेच आले."

भात्याजवळचा कारागीर हळूच बाहेर निघून गेला.

"माझ्या आजोबांनी लोखंडी कड्यांचे अंगरखे विणले," उस्ताद म्हणाला. "तलवार अडली. मग बाणांना सुईसारखी टोकं आली, ती कड्यांतून शिरायला लागली. वडिलांनी अंगरख्याला आतून पत्रे ठोकले. मग लोक काखेत भोसकायला लागले. मी काख झाकली. कोपर झाकलं. गुडघा झाकला…"

"तीन पिढ्या फटीच बुजवत आलात ना? मग ही एक शेवटची बुजवायला हात का जड होतोय?"

"त्याला दिसायला नको?"

"घोडा शहाणा आहे. त्याला वाट दिसते."

उस्तादानं त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी नजर हटवली नाही. एकुलत्या एक मुलासाठी माणूस काहीही बोलतं, आणि बोलून झाल्यावर ते खरंही वाटू लागतं.

"श्वासाला मोहरीएवढी भोकं आहेत, तेवढी पुरेत. उद्या पहाटे लढाईवर निघायचंय वेंडेलला. हे असंच द्या."

"देतो. पण कसोटी व्हायचीय."

त्या गल्लीचा तसा रिवाजच होता. वीस पावलांवरून बाण मारल्याशिवाय काम दुकानाबाहेर जायचं नाही. बाणानं पडलेला पोचा घासायचाही नाही. तीच गिऱ्हाइकाला हमी.

"मग मारा ना! त्या लाकडी डोक्यावर चढवा आणि मारा."

"लाकडाला काय कळणार, बाईसाहेब?"

त्यानं दोन्ही हातांनी शिरस्त्राण त्यांच्यापुढे धरलं.



"तुमचा भरवसा आहे ना या बिनफटीच्या शिरस्त्राणावर?"

बाईंनी आयुष्यात कुणापुढे मान तुकवली नव्हती. आता तुकवली, पण शिरस्त्राण चढवून घेण्यापुरतीच.

झडप हनुवटीच्या पट्टीवर खटकन बसली.

अंधार. स्वतःचाच श्वास गरम होऊन तोंडावर आला.

आडवं धनुष्य ताणायचा चरक फिरू लागला. कर्र… कर्र… कर्र…

मग थांबला.

"उस्ताद?"

…

"नेम धरलात का, उस्ताद?"

तो वीस पावलांवर आहे की दहा? समोर आहे की डावीकडे? त्यांना फक्त आपल्या छातीचे ठोके ऐकू येत होते. त्यांनी मुठी आवळल्या. हलायचं नाही. पोलाद चांगलं आहे. हलायचं नाही…

दार करकरलं.

"आई?" विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज, आणि अगदी समोरून. "घोड्याला नाल ठोकून झाले. तू अजून इथंच? हे काय घालून बसलीस?"

"वेंडेल! बाजूला हो! बाजूला हो रे—"

हात कधी वर गेला ते त्यांना कळलं नाही. झडप पट्टीपासून उचलली गेली. मान मागे टाकून, खालच्या फटीतून, बाई पाहू लागल्या.

धनुष्य बाकावर पडलं होतं. त्यात बाण नव्हताच. दारात वेंडेल धडधाकट उभा होता, गोंधळून हसत होता.

आणि उस्ताद त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर होता. केव्हापासून, देव जाणे. त्याच्या एका हातात कंपास होता, दुसऱ्यात खडू.

बाई घाईनं झडप खाली घ्यायला लागल्या.

"हात तसाच ठेवा, बाईसाहेब," उस्ताद म्हणाला. "माप घेतोय."