ओल्या कापडावरची रेघ

एकदा एका गडाच्या पायथ्याशी छावणी पडली. त्या गडावरची शेवटची लढाई होऊन शतकं उलटली होती, आणि या छावणीतले शिलेदार एरवी बँकेत, दवाखान्यात, शाळेत काम करणारे होते. दर वर्षी मार्गशीर्षात ते काही दिवसांसाठी अंगरखे चढवून इथे जमत. जुन्या काळची माणसं मोहिमेवर जशी राहत असतील तसं राहण्याचा प्रयत्न करत, चुलीवर भाकऱ्या करपवत, पलिते पेटवत आणि मोबाइल जोड्यांत लपवून ठेवत.

या छावणीच्या राहुट्या जाड सुती कापडाच्या, हाताने शिवलेल्या असत. त्या शिवणाऱ्या वृद्ध कारागिराला सगळे वस्ताद म्हणत. वस्तादांकडे एक शिष्या होती. कापडशास्त्राची पदवी घेऊन आणि चांगली लागलेली नोकरी सोडून ती त्यांच्याकडे दाभण धरायला आली होती. हात चपळ, डोकं त्याहून चपळ, आणि जीभ सगळ्यांच्या पुढे.

वस्ताद बोलायला लागले की त्यांच्या वाक्याला मध्येच एखादी गोष्ट फुटायची. "माझ्या वडिलांनी एकदा तमाशाच्या फडाचा तंबू शिवला," ते सुरुवात करत, "तर पहिल्याच खेळाला त्या तंबूत एक बोकड शिरला..."

"वस्ताद, मुद्दा," ती म्हणे.

"मुद्द्याकडेच चाललोय. तो जरा लांब राहतो."

"मग तोवर मी ही कड शिवून घेते."

आणि ती खरोखरच शिवून घेई. त्या बोकडाचं पुढे काय झालं, हे तिने कधी ऐकलं नव्हतं.

तरी दोघांचं जमत होतं. ते येताना तिच्यासाठी पेरू आणत. ती त्यांचा चष्मा पुसून देई, कारण दोऱ्याला लावायच्या मेणाचे हात चष्म्याला लावू नयेत हे त्यांना या वयात कुणी शिकवू शकत नव्हतं. नवी राहुटी शिवून झाली की दोघं मिळून ती गच्चीवर पसरत आणि तिच्यावर बादल्या ओतत. पहिल्यांदा भिजलं की धागे फुगतात, सुईची भोकं मिटतात, म्हणून वापरण्याआधी कापड एकदा भिजवून वाळवायचं असतं. वस्ताद म्हणत, "कापडाची पाण्याशी ओळख करून द्यावी." ती म्हणे, "धागा फुगतो, वस्ताद. ओळख वगैरे काही नसते." वस्ताद म्हणत, "बरं. ओत."

त्या वर्षी तिने पहिल्यांदाच एक अख्खी राहुटी एकटीने केली होती. कापड बेतण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत वस्तादांनी त्या कामाला हातही लावला नव्हता. पण त्याच वर्षी छावणीचा खर्च उचलणाऱ्या व्यापाऱ्याच्या मनात वेगळंच आलं होतं. त्याला पुढच्या वर्षापासून बाजारातले नायलॉनचे तयार तंबू आणायचे होते.

"रंग मातकट घेऊ," तो म्हणाला. "लांबून काय कळतंय?"

"शेठ, लांबून तुम्हीही मावळे वाटता," शिष्या म्हणाली.

व्यापारी हसला. तो वाईट माणूस नव्हता, फक्त हिशेबी होता. "ठीक आहे, ताई. तुमच्या नव्या राहुटीत मी मुक्काम करतो. मला सोयीची वाटली तर पुढेही याच. नाही वाटली तर नायलॉन."

वस्तादांचा कारखाना या छावणीवरच चालत होता. लग्नाचे मांडव केव्हाच दुसरीकडे गेले होते. त्यामुळे कारखान्याची पुढची वर्षं या एका राहुटीवर उभी राहणार होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सकाळी राहुटी उभारताना हे घडलं. खांब उभे झाले, आढं बसलं, कापड चढलं. मेखांना दोर बांधायचे राहिले होते. पुढच्या कोपऱ्याचा दोर वस्तादांनी सवयीने उचलला. त्यांची बोटं अलीकडे थरथरत. पहिल्यांदा गाठ सुटली, दुसऱ्यांदाही सुटली. व्यापारी बाजूला हाताची घडी घालून उभा होता, छावणीतली माणसंही थांबली होती. शिष्येने ते पाहिलं आणि तिचा धीर सुटला. तिने त्यांच्या हातातून दोर ओढून घेतला.

"सोडा, वस्ताद. तुमच्या हातून आता साधी गाठसुद्धा बसत नाही."

वस्ताद म्हणाले, "बरं," आणि जाऊन आंब्याखाली बसले.

तिने गाठ मारली. उत्तम मारली. पण ती गाठ मारतानाच तिला कळलं होतं की ज्या माणसाचं सगळं आयुष्य त्याच्या बोटांत होतं, त्याला आपण चारचौघांत काय म्हणालो. त्यानंतर ती दुपारपर्यंत आंब्याखाली फेऱ्या मारत राहिली. गुळाचा चहा नेला. घोंगडी नेली. पाण्याचा तांब्या नेला. ऊन फिरलं म्हणून ते बसले होते ती सतरंजीच सरकवायला निघाली. सकाळच्या गोष्टीबद्दल मात्र तिने चकार शब्द काढला नाही.

"पोरी, मी आजारी आहे का?" वस्तादांनी शेवटी विचारलं.

"नाही हो."

"मग मला बसू दे."

ती परत आली. तिच्या मनातलं ओझं कमी झालं नव्हतं, उलट चहा, घोंगडी आणि तांब्याने वाढलं होतं.

जेवणं झाली आणि व्यापारी नव्या राहुटीत लवंडला. तेवढ्यात गडामागून ढग आले. मार्गशीर्षात कुणी पावसाची वाट पाहत नव्हतं, पण तो आला, आणि आला तो धो धो आला. माणसं पेटलेल्या चुली सोडून पळाली. शिष्या धावत राहुटीत शिरली आणि व्यापाऱ्याच्या शेजारी उभी राहून वर पाहू लागली.

छपरावर पाऊस बडवत होता. आत एक थेंब नव्हता. शिवण कोरडी होती, आढ्याखालची दुहेरी पट्टी कोरडी होती. तिने वर्षभर धरून ठेवलेला श्वास सोडला.

"वा," व्यापारी म्हणाला. त्याने उठून छपराकडे हात नेला.

"हात लावू नका, शेठ," ती म्हणाली. "बाहेरून भिजलेल्या कापडाला आतून स्पर्श झाला की तिथून पाणी आत येतं. धाग्यांमध्ये पाणी अडून बसलेलं असतं, बोट लागलं की त्याला आत यायला निमित्त मिळतं. हा पहिला नियम."

व्यापाऱ्याने हात मागे घेतला. "पण शिवणीतून येत नाही? एवढी भोकं असतात सुईची."

"शिवणीतून?" तिच्या आवाजात वर्षभराचा अभिमान होता. "ही शिवण बघा," असं म्हणून तिने आपली सर्वांत सुंदर शिवण त्याला दाखवली, आणि दाखवताना तिच्यावरून बोट फिरवलं.

क्षणभर काही झालं नाही. मग तिथे एक ओला ठिपका उमटला, फुगला, आणि पहिला थेंब व्यापाऱ्याच्या उशीवर पडला.

पहिला नियम सांगून मिनिटही झालं नव्हतं आणि तो तिनेच मोडला होता. तिने घाईने ओढणीचा बोळा करून ठिपक्यावर दाबला. ठिपका पसरला. तिने शेजारी मेणाचा खडा घासला, पण ओल्या कापडावर मेण धरेना, आणि घासलं तिथे आणखी दोन ठिपके फुटले. आता तीन ठिकाणी टपटप सुरू झाली. व्यापाऱ्याने उशी उचलून पोटाशी धरली.

"नायलॉनला असलं काही नसतं, नाही का?" तो म्हणाला. टोमणा नव्हता, तो खरंच विचारत होता. तेच जास्त लागलं.

तेवढ्यात कनात बाजूला करून वस्ताद आत आले. डोक्यावर तिनेच नेऊन दिलेली घोंगडी होती. त्यांनी वर पाहिलं, तिच्या हातातल्या ओल्या ओढणीकडे पाहिलं. मग पुढे येऊन त्यांनी सरळ गळत्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"वस्ताद, नका. अजून गळेल," ती म्हणाली.

"ताईंनी एक बोट लावलं तर हे झालं," व्यापारी म्हणाला, "तुम्ही तर सबंध..."

वस्ताद ऐकत नव्हते. ठिपक्यावर टेकलेलं बोट त्यांनी हळूहळू उताराने खाली आणायला सुरुवात केली. दुसरा ठिपका घेतला, तिसरा घेतला, छपराच्या कडेपर्यंत आले, मग कनातीवरून वाकत, गुडघे टेकत, जमिनीपर्यंत. हात थरथरत होता. त्यामुळे रेघ सरळ आली नाही, ओढ्यासारखी वळणं घेत गेली, पण कुठे तुटली नाही. टपटप थांबली. थेंब आता खाली पडत नव्हते. ते त्या वाकड्या रेघेला धरून कापडावरून खाली सरकत होते आणि कनातीच्या तळाशी मातीत मुरत होते.

व्यापाऱ्याने उशी खाली ठेवली.

"हे कसं झालं?" त्याने विचारलं.

वस्ताद उठले, हात धोतराला पुसले. "एकदा बोट लागलं की लागलं, शेठ. ते न लागल्यासारखं करता येत नाही. पोरगी त्याला दाबत होती, म्हणून ते पसरत होतं. आत आलेल्या पाण्याला परत बाहेर ढकलता येत नाही, पण त्यालाही इथे राहायचं नसतं. त्याला जमिनीकडे जायचं असतं आणि वाट माहीत नसते. ज्या बोटाने ते आत आलं, त्याच बोटाने त्याला धरून खाली नेऊन सोडायचं. फक्त बोट मध्ये उचलायचं नाही. जिथे उचलाल, तिथे पुन्हा गळेल."

ते एवढंच बोलले. नेहमीची गोष्ट फुटली नाही, वडील आले नाहीत, बोकड आला नाही. शिष्येला हे पहिल्यांदाच खटकलं.

पावसाचा जोर ओसरला तसा व्यापारी चुली बघायला बाहेर गेला. राहुटीत दोघंच उरली. वस्ताद पेटाऱ्यावर टेकले. तिने सवयीने विचारलं, "चहा आणू?"

"नको."

ती ओढणी पिळत उभी राहिली. मग त्या रेघेकडे पाहत म्हणाली, "सकाळी मी तुम्हाला सगळ्यांसमोर जे बोलले, ते बोलायला नको होतं. पण शेठ बघत होते, आणि तुम्ही इतका वेळ..."

"बोट उचललंस," वस्ताद म्हणाले.

तिला ताडकन काहीतरी बोलायचं होतं, ते ओठांपर्यंत आलंही होतं. तिने ते गिळलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"सकाळी मी तुमच्या हातातून दोर ओढला. तुम्हाला गाठ जमत नाही असं चारचौघांत म्हणाले. मला माझी राहुटी वेळेत उभी करायची होती, आणि तुमचा हात थरथरतो याची मला लाज वाटली. मला तुमची लाज वाटली, वस्ताद. आणि मग दिवसभर मी चहा आणत राहिले."

बाहेर कुणीतरी ओल्या लाकडांना शिव्या देत होतं. वस्तादांनी चष्मा काढला. त्याच्या काचा धुरकटल्या होत्या. त्यांनी तो तिच्याकडे केला, आणि तिने ओढणीच्या कोरड्या टोकाने पुसून परत दिला.

"गाठ बसत नाही हे खरंच आहे," ते म्हणाले. "दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी हसलो असतो."

"ती रेघ कापडावर राहील का?"

"नाही. वाळलं की कापड पुन्हा मिटतं. पुढच्या पावसाला तिथून थेंब यायचा नाही."

"आणि माणसांचं?"

"माणसांना वाळायला थोडा जास्त वेळ लागतो," वस्ताद म्हणाले. "पण चहा आता आण. आलं घालून."

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. ओली राहुटी गुंडाळली तर तिला बुरशी धरते, म्हणून कनाती वर करून वारा खेळता ठेवला होता. व्यापारी आत आला आणि छपराखाली मान वर करून बराच वेळ शोधत राहिला.

"कुठे होतं ते?" त्याने विचारलं. शिष्येलाही नेमकी जागा दाखवता आली नाही.

तो बाहेर आला. "पुढच्या वर्षी याच राहुट्या," तो म्हणाला. "नायलॉन गळणार नाही असं दुकानदार सांगतो. गळलं तर काय करायचं, हे त्याला विचारलं. त्याला माहीत नव्हतं."

पावसात आखडलेले दोर आता सैल पडले होते आणि पुन्हा बांधायचे होते. माणसं जमली. पुढच्या कोपऱ्याचा दोर वस्तादांनी उचलला आणि मेखेपाशी बसले. गाठ सुटली. पुन्हा सुटली. व्यापारी थांबला होता, बाकीचेही थांबले होते. शिष्येचा हात सवयीने पुढे झाला. तिने तो खांबावर ठेवला आणि खांब घट्ट धरून उभी राहिली.

वस्तादांनी दोराला तिसऱ्यांदा वेढा दिला. "माझ्या वडिलांनी," ते मान वर न करता म्हणाले, "एकदा तमाशाच्या फडाचा तंबू शिवला. तर पहिल्याच खेळाला त्या तंबूत एक बोकड शिरला."

ते थांबले. इथे ती नेहमी काय म्हणते हे त्यांना माहीत होतं.

ती म्हणाली, "मग? पुढे?"