कौतिकाबाईची ओळ

पोत्यातलं पांढरं रासायनिक खत बैलगाडीतून पहिल्यांदा वडनेरीत आलं, त्याला आता फार वर्षं झाली. तेव्हा गावात कौतिकाबाई नावाची सुईण होती. तिच्या वावरात ज्वारीच्या ओळींमधून शतावरीची एक ओळ असायची. कुणीही बाळंत झाली की पान्हा यावा म्हणून शतावरीच्या मुळ्या त्या बाळंतिणीच्या घरी जायच्या, अगदी फुकट. वडनेरीतलं प्रत्येक लेकरू त्या मुळ्यांच्या जोरावर अंगावर पिऊन वाढलं, असं म्हणतात.

पांढऱ्या खताशी तिचं वैर नव्हतं. ज्वारीला ती स्वतःच्या हातानं मूठमूठ टाकायची. शतावरीला मात्र कुजलेलं शेणखतच. बाईनं एका वावरात दोन चुली मांडल्या, म्हणून लोक हसायचे. हसेनात का बापडे.

पण तिचा दीर दौलत याला औषधी मुळ्यांचा व्यापारी भेटला आणि त्याची मती फिरली. ती हंगामभर माहेरी गेलेली पाहून त्यानं चांगल्या मुळ्या विकल्या आणि उरलेल्या झाडांवर पांढरं खत ओतलं. मुळ्या मनगटाएवढ्या फुगल्या. दौलत मिशीला पीळ देत हिंडू लागला आणि अख्खं गाव मूग गिळून बसलं. याचीच जास्त चीड येते.

त्याच हंगामात दौलतची लेक वेणू बाळंत झाली. फुगलेली मुळी दुधात उकळून दिली, ती नुसती पाणचट. वेणूला पान्हा फुटेना. लेकरू रडून रडून निळं पडलं.

कौतिकाबाई माहेराहून आली ती तडक दौलतच्या ओसरीवर.

"लेकरू रडते, आयकू येते का तुमाले, भाऊजी? नातवाच्या तोंडचं दूध पोत्यात भरून इकलं तुमी."

"चुकलं, वहिनी."

"चुकलं म्हणून पान्हा फुटते का? उचला टोपली."

भर उन्हात दौलत अनवाणी शतावरीच्या ओळीत शेणखत वाहू लागला आणि ती नखांनी माती उकरत राहिली. असं म्हणतात, शेवटच्या टोपलीला एक बारीक पांढरी मुळी हाती लागली, ती ओढता ओढता पार ओढ्यापर्यंत लांबत गेली. मातीला दुधाचा वास सुटला आणि तिकडे घरात वेणूची चोळी भिजली.

आजही वडनेरीत ज्वारीला पोत्यातलं खत पडतं. पण प्रत्येक वावरात कौतिकाबाईची एक ओळ असते, आणि तिथली मुळी कुणी तराजूत घालत नाही. पेरणीआधी घरातला कर्ता पुरुष, मग तो सरपंच का असेना, अनवाणी पायांनी शेणखताची पहिली टोपली त्या ओळीत नेतो. त्यानं नाक मुरडलं, तर बांधावरच्या बाया एका सुरात विचारतात, "लेकरू रडते, आयकू येते का?"