धोट्याची गाठ

शिवणाच्या डब्यातली हत्यारं अजून आपापसात बोलत असत, त्या काळची गोष्ट. एस्तेरबाई होडीच्या आकाराच्या, पोटात धागा गुंडाळलेल्या इवल्याशा धोट्याने लेसचा रुमाल विणायला बसल्या होत्या. डाव्या हाताच्या बोटांभोवती धाग्याचा फास होता आणि धोटा आपला धागा घेऊन त्यातून ये-जा करत होता.

धोट्याला वाटे, राबतो मी, तर गाठही माझ्याच धाग्याची पडावी. म्हणून तो आपला धागा सैल सोडी, की गाठ त्याच्याच धाग्याची बसे. वीस गाठी झाल्या, बाईंनी फास ओढला, पण तो काही आवळेना. अशा गाठी उसवतही नाहीत. शेवटी कात्रीने तुकडा कापून टाकला. असं तीनदा झालं.

"तू नुसता ताठ राहा," क्रोशाची म्हातारी सुई म्हणाली. "सैल पडायचं ते बोटांवरच्या धाग्याने."

धोट्याने मन मारून धागा ताणून धरला. तशी गाठ उडी मारून बोटांवरच्या धाग्याची झाली. विसावी गाठ पडल्यावर बाईंनी हलकेच ओढलं. साऱ्या गाठी धोट्याच्या सरळ धाग्यावरून सरकत आल्या आणि फासाची पाकळी झाली.

रुमाल पुरा झाला तेव्हा डब्यातली सारी हत्यारं तो पाहू लागली.

"हजारभर गाठी आहेत," कात्री हळूच म्हणाली. "यातली तुझी कुठली?"

"एकही नाही," रुमालावरची नजर न काढता धोटा म्हणाला.

कात्रीने आपली पाती मिटून घेतली.