शंभर हंसांची भिंत

डोंगर हेच होते, पण त्यांच्या पोटात लेणी कोरायला माणसानं नुकतीच सुरुवात केली होती, इतक्या पूर्वीची ही गोष्ट.

एका राजानं डोंगरात देऊळ कोरायला घेतलं. आतली एक लांब भिंत त्यानं दोन गुरुबंधूंना अर्धी अर्धी वाटून दिली. त्या राज्यात एक रीत होती. ज्याचं काम सरस ठरेल, त्याची छिन्नी मूर्तीच्या पायाखाली कायमची पुरायची. थोरला पाथरवट त्या मानाची तीस वर्षं वाट पाहत होता.

थोरल्यानं सुतानं रेघा आखल्या आणि शंभर हंस कोरले. एकाचीही मान दुसऱ्यापेक्षा जवभर उंच नाही. धाकट्यानं मात्र ना सूत धरलं, ना माप. छतापासून जमिनीपर्यंत त्यानं एक खोल वेल कोरली. ती वाटेल तिथे वळत होती, मध्येच गिरकी घेत होती आणि तिला माकडं लोंबकळत होती.

गुरुजी भिंत पाहायला आले. हंसांना "ठीक आहे" म्हणाले आणि वेलीपाशी तासभर रमले. एका माकडाला पाहून तर लहान मुलासारखे हसले.

झालं! थोरल्याच्या पोटात दुखू लागलं. तीस वर्षांत गुरुजी त्याच्या कामापाशी एकदाही हसले नव्हते. "याला काय कला म्हणायचं? नुसता गोंधळ!" असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला. पण सांगून पोटदुखी थांबते थोडीच?

एका दुपारी सगळे जेवायला खाली उतरले. थोरल्यानं छिन्नी-हातोडा उचलला आणि वेलीची वरची तीन वळणं तासून सपाट केली. "शिस्त लावतोय," असं तो स्वतःलाच बजावत होता. मत्सर असाच चांगलं नाव लावून फिरतो, मंडळी.

आठवड्याभरात छताच्या भेगेतून झिरपणारं पाणी हंसांवर उतरलं. भिंतीला ओल आली, माना काळ्या पडल्या, दगडाचे पापुद्रे सुटू लागले. थोरला घाबरून धाकट्याकडे धावला.

तासलेली वळणं पाहून धाकट्याचा चेहरा उतरला. "दादा, ती भेग मला पहिल्याच दिवशी दिसली होती. पाणी जसं उतरायचं तशी मी वेल वळवली, म्हणजे ते तिच्याच खाचेतून खाली जाईल. तुझे हंस कोरडे राहावेत म्हणून."

"मग पुन्हा कोर ना रे!"

"खडक कोरता येतो दादा, चिकटवता येत नाही. पाणी अडवणारा काठच तू तासलास, आता पाण्याला वाट तुझ्याच भिंतीतून."

थोरल्यानं रडत रडत, स्वतःच्या हातानं, आपल्या हंसांमधून वाकडीतिकडी पन्हळ खोदली. एकोणीस हंस फुटले, बाकीचे वाचले. मूर्तीच्या पायाखाली छिन्नी गेली ती धाकट्याची.

म्हातारपणी थोरला त्याच देवळात झाडलोट करायचा. येणारे लोक हळहळून विचारायचे, "एवढे देखणे हंस कुणी फोडले हो?"

"ज्यानं घडवले, त्यानंच," तो म्हणायचा आणि पुन्हा झाडू लागायचा.

तात्पर्य: दुसऱ्याची वळणं जो मत्सरानं मोडतो, तो आपल्याच सरळ रेघा गमावून बसतो.