शेवटची कुंडी

पूर्वी केतकावती नगरात दृढकेतू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी राजवाड्यातल्या पाणक्याच्या घरी जन्म घेतला होता. त्या जन्मी त्यांचे नाव सोमिल. बोधिसत्त्व राजकुळात जन्मले की त्यांची थोरवी सांगणे सोपे जाते. इथे ती कावडीतून वाहायची आहे, तेव्हा जरा सावकाश सांगतो.

राजाची आई भद्रवती वृद्ध होती आणि तिची दृष्टी गेली होती. पती वारल्यापासून तिला माणसांच्या बोलण्याचा कंटाळा आला होता, पण आवाजाची भूक काही गेली नव्हती. म्हणून तिच्या सज्जात मातीच्या नऊ रुंद कुंड्या मांडल्या होत्या. प्रत्येकीत केळीचे रोप, वर वेताची जाळी, आणि आत एक झाडबेडूक. आंधळ्या राजमातेला रंगाशी काय करायचे? तिने आवाजावरून नावे ठेवली होती. कात्रीसारखा बोलणारा तो कातऱ्या. जात्यासारखी घरघरणारी ती दळणबाई. बेडकांत आवाज काढतो तो नर, असे सोमिलाने एकदा तिला सांगितले होते. “असेल बाबा,” ती म्हणाली, “पण सकाळी उठून दळते ती बाईच.” पतीच्या मृत्यूच्या वर्षी ही दळणबाई सज्जात आली होती. तिची घरघर ऐकल्यावाचून राजमाता सकाळची पेज तोंडाला लावत नसे.

एका वर्षी शेजारच्या राजाशी असलेले जुने भांडण मिटले. त्याच्या दूताने राजमातेसाठी मधाच्या रंगाचा एक झाडबेडूक भेट म्हणून आणला. त्या नगरात रीत अशी होती की सलोखा झाला म्हणजे पाहुण्याच्या भांड्यातले पाणी घरच्या प्रत्येक भांड्यात थोडेथोडे ओतायचे. सोमिल हात जोडून म्हणाला, “महाराज, एवढ्या वेळी रीत राहू द्या. हा परमुलखातला जीव आहे. महिनाभर त्याला वेगळ्या खोलीत, वेगळ्या पाण्यावर ठेवू. सोबत काय आणलंय, ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.”

दूताचे तोंड आंबट झाले. “आमच्या राजाची भेट तुम्ही वाळीत टाकणार?”

राजाला सलोखा हवा होता. रीत पार पडली. आणि पाणी ओतायचे ओगराळे पाणक्याच्याच हाती असल्यामुळे नऊही कुंड्यांत ते सोमिलालाच ओतावे लागले.

आठव्या दिवशी कातऱ्या गप्प झाला. पान सोडून तो तळाशी बसला, त्याची कातडी निस्तेज होऊन सुटू लागली आणि समोर बसलेली माशीही तो टिपेना. राजमातेने आवाज चुकला हे सगळ्यांच्या आधी ओळखले. काठी टेकीत ती रोज पहिल्यांदा त्याच्याच कुंडीशी जाई, त्याला ओंजळीत घेई, कुरवाळी, आणि मग तशाच हातांनी बाकीच्यांची विचारपूस करीत फिरे. राजवैद्याने चंदन आणि हळदीचा लेप दिला. कातऱ्या मेला. पाठोपाठ आणखी एक मेला. मग दोघे आजारी पडले, आणि एके सकाळी दळणबाईची घरघर ऐकू आली नाही. राजमातेने पेजेची वाटी बाजूला सारली. दुसऱ्या दिवशीही सारली. वैद्य राजाला एकीकडे घेऊन म्हणाले, “महाराज, हे असंच चाललं तर राजमाता हा पंधरवडा काढणार नाहीत.”

राजाने सोमिलाला बोलावले. “इंद्रध्वजाच्या उत्सवाला अजून सव्वीस दिवस आहेत. तो दूत पुन्हा येणार आहे. तोवर सगळे सज्जात एकत्र बोलू लागले, तर नदीकाठचं एक गाव तुझं.”

सोमिलाने गावाचा विषय काढलाच नाही. प्रत्येक कुंडीला निराळे मडके आणि निराळे ओगराळे मागून घेतले. चौघे निरोगी होते, ते सज्जात राहिले. धडधाकट दिसणारा पाहुणा कोठीत गेला. तिघे आजारी मागच्या पडवीत, सावलीला. मुदत महिन्याची. लेप त्याने पुसून काढले. “यांना पाणी प्यायला तोंड लागत नाही,” तो वैद्यांना म्हणाला, “कातडीनंच पितात. तिला लावू ते सगळं पोटात जातं.” रात्रभर निवलेले पाणी, ताजे ओले पान, दुसरे काही नाही. उचलायचे तर पानाने उचलायचे, कोरड्या हाताने कधीच नाही. वापरलेले पाणी तो उकळून मगच दूरच्या वाळूत ओतीत असे. आणि त्याचा एक नेम होता: आधी निरोगी, मग पाहुणा, आणि आजारी सगळ्यांत शेवटी.

हा नेम राजमातेच्या कानावर गेला तेव्हा ती संतापली. “सोमिला, ज्याला दुखतंय त्याच्याकडे तू शेवटी जातोस? आणि मला तर जाऊच देत नाहीस. तू माणूस आहेस की धोंडा?”

तिला फसवणे सोपे होते, आणि ते दयेचेही दिसले असते. पण बोधिसत्त्व खोटे बोलत नाहीत. सोमिल तिच्या पायांशी बसला. “देवी, आजार हातांनी पसरला. पहिल्यांदा माझ्या, त्या ओगराळ्यानं. मग तुमच्या.”

राजमातेने आपले दोन्ही हात पदराखाली घेतले. तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि सोमिलालाही ते पाहवेना.

“मग तू दळणबाईकडे शेवटी का जातोस, ते तरी सांग.”

“शेवटी जातो, कारण तिथून मला पुढं कुठंच जायचं नसतं. सकाळी गेलो तर चार घटकांत उठावं लागेल. शेवटी गेलो की दिवस मावळेपर्यंत तिच्याजवळ बसता येतं.”

दुसऱ्या दिवसापासून राजमाता पडवीच्या दाराबाहेर आसन टाकून बसू लागली. हात मांडीवर, कान आत. सोमिल पाणी बदलताना होणारा बारीक आवाज ती ऐकत असे. तिसऱ्या दिवशी तिने पेज मागितली. अशी माणसे कथेत भेटली की सांगणाऱ्यालाही बरे वाटते, हे मी लपवीत नाही.

उत्सव उजाडला. आजाऱ्यांची कातडी पुन्हा तुकतुकीत झाली होती, दळणबाई माशी टिपू लागली होती, पण बोलली नव्हती. राजा म्हणाला, “बरे झालेत. आण सगळ्यांना सज्जात.”

“महिना भरायला चार दिवस आहेत, महाराज.”

“दूत अंगणात उभा आहे! चार दिवसांसाठी तू गाव घालवतोस?”

“गाव राहू द्या,” सोमिल म्हणाला, आणि कावड उचलून आपल्या कामाला लागला. राजा चिडला, पण आईच दारात आसन टाकून बसली होती. तिला ओलांडून आत जायची त्याची छाती झाली नाही. दूत रुसून गेला.

उत्सवाच्या दुसऱ्याच दिवशी मधाच्या रंगाचा पाहुणा पान सोडून तळाशी बसला. काल तो सज्जात असता तर काय झाले असते, हे राजाला कोणी सांगावे लागले नाही. तो स्वतः कोठीत आला आणि पाणक्यापुढे त्याने मस्तक लववले. पाहुण्याचा महिना पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचा ठरला.

आजाऱ्यांचा महिना भरला त्या दिवशी पहाटे पडवीतून जात्याची घरघर ऐकू आली. दासी धावत राजमातेकडे आल्या आणि तिला हात धरून पडवीकडे नेऊ लागल्या. ती थांबली. पाणी मागवून तिने हात धुतले. मग काठी टेकीत ती सज्जात गेली, निरोगी चौघांच्या एकेका कुंडीपाशी थांबली, प्रत्येकाची विचारपूस केली. आतून घरघर चालूच होती. सगळ्यांत शेवटी ती दळणबाईच्या कुंडीपाशी आली, आणि दिवस मावळेपर्यंत तिथून उठली नाही.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान, थांबले. समोर सकाळी कुरकुर करणारे भिक्षू बसले होते. विहारात एकाला अंगावर फुटणारा रोग झाला होता आणि त्याची शुश्रूषा करणारा धम्मिल भिक्षू इतरांचे सारे आटोपून त्याच्याकडे शेवटी जातो, अशी त्यांची तक्रार होती. शास्ते म्हणाले, “तेव्हाची दळणबाई म्हणजे आज पडवीत निजलेला तो रोगी भिक्षू. राजमाता म्हणजे हा धम्मिल. तेव्हा शिकलेले तो अजून विसरलेला नाही. घाई झालेला राजा कोण, ते तुमच्यातल्या एकाला आता कळलेच असेल, त्याचे नाव घेत नाही. आणि पाणक्या मी होतो. भिक्षूंनो, धावत जाणारी करुणा सगळ्यांना येते. हात धुऊन, आपली पाळी येईपर्यंत थांबणारी जी करुणा, तिला क्षांती म्हणतात.”

तक्रार करणाऱ्यांतला एक जण उठला, हात धुऊन आला, आणि पडवीच्या दाराबाहेर बसला.