खिडकीजवळचा तिसरा बाक

"पण बाई, वर्ग शांत असणं हा दोष कसा?"

विश्राम वळवीने हे तिसऱ्यांदा विचारलं.

भागीरथीबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती. विश्राम त्यांचाच विद्यार्थी. आता सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेत सहावीला शिकवत होता. आपण उत्तम शिकवतो, याबद्दल त्याच्या मनात कधी शंका आली नव्हती.

"दोष मी म्हटलंच नाही. मुलं जातात, असं तू सांगत होतास."

"जातात. जूनपासून सात गेली. मी हात उगारत नाही, रागावतही नाही. सकाळी बघावं तर अंथरूण नीट गुंडाळलेलं असतं आणि मूल नसतं. घरी जाऊन विचारलं तर आईबाप खाली बघतात."

"आणि मुलं काय म्हणतात?"

"मुलं काय सांगणार, बाई?"

बाईंचा हात सुपात थांबला.

"उद्या येते मी," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दहा वाजून गेले तरी धुकं उतरलं नव्हतं. खिडक्यांबाहेर नुसता पांढरा रंग होता. बाई सगळ्यात मागे, मुलांमध्ये जाऊन बसल्या.

विश्रामने बी कसं रुजतं ते शिकवलं. फळ्यावर सुंदर चित्र काढलं. आवाज खणखणीत, शब्द मोजके. मुलं पुतळ्यासारखी बसली होती.

"समजलं?"

"हो गुरुजी."

छत्तीस मुलं आणि आवाज एक.

विश्रामने बाईंकडे पाहिलं. बघा, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

बाई म्हणाल्या, "विश्राम, तू इथे माझ्याजवळ येऊन बस. हाच धडा आता मुलं शिकवतील."

तो हसला, पण आला. बाकावर त्याचे गुडघे मावेनात.

पहिली उठली वनिता. वर्गातली हुशार मुलगी. तिने खडू उचलला, घसा साफ केला आणि बोलायला लागली.

विश्रामला आधी गंमत वाटली. ती त्याच्यासारखीच बोलत होती. तेच शब्द, वाक्याच्या शेवटी आवाज तसाच खाली. तसाच डावा हात पाठीमागे.

"समजलं?" वनिताने विचारलं.

"हो गुरुजी," वर्ग म्हणाला.

कोणी हसलं नाही.

मग रायसिंग उठला. त्यानेही घसा तसाच साफ केला. हातही तसाच पाठीमागे. आवाज मुलाचा होता, पण त्याच्या आत कोणीतरी दुसरंच बोलत होतं.

"समजलं?"

"हो गुरुजी."

विश्रामने नकळत पाठीमागे गेलेला आपला डावा हात हळूच पुढे घेतला.

तिसऱ्या खेपेला एक मुलगी शिकवायला लागली तेव्हा त्याचं लक्ष तिच्या डोळ्यांकडे गेलं. नजर दारापासून निघायची, एकेका बाकावरून सरकत खिडकीपर्यंत जायची. पण खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकाशी आली की उडी मारायची. पुन्हा तेच. दुसऱ्या बाकावरून थेट चौथ्यावर.

आधीच्या दोघांनीही असंच केलं होतं. त्याला आता आठवलं.

"बाई..." तो कुजबुजला. "ही मुलं त्या बाकाकडे बघत का नाहीत?"

"कोणत्या?"

"तो तिसरा. रिकामा आहे तो."

शिकवणारी मुलगी थांबली. सगळा वर्ग वळला आणि विश्रामकडे बघायला लागला.



"वनिता," बाई शांतपणे म्हणाल्या, "तिथे कोण बसतं?"

"जमनी."

"कधीपासून?"

"शाळा सुरू झाल्यापासून."

विश्रामने पुन्हा पाहिलं. बाक, भिंत, बाहेर धुकं. मग त्याच धुक्यातून वर आल्यासारखी एक वेणी दिसली. निळा गणवेश. उघडी वही, शेवटच्या पानापर्यंत भरलेली. एक मुलगी ताठ बसली होती आणि त्याच्याकडे बघत होती.



"मी... मी तर रोज हजेरी घेतो."

"मी रोज हजर म्हणते, गुरुजी."

तो आवाज ओळखीचा होता. पावसाळ्यापासून रोज सकाळी तो ऐकत होता. खिडकीबाहेर एखादं पाखरू असेल, असं समजत होता.

"आता तिला विचार," बाई म्हणाल्या.

"काय विचारू?"

"तुला जे माहीत नाही ते."

विश्राम उठला. त्या बाकापर्यंतची बारा पावलं त्याला फार लांब वाटली. तो जमनीसमोर खाली, फरशीवर बसला.

"जमनी... मी शिकवतो त्यात काय बदलू?"

तिने बराच वेळ घेतला. तो थांबून राहिला.

"तुम्ही 'समजलं?' विचारता आणि लगेच फळ्याकडे वळता," ती म्हणाली. "थोडं थांबा ना."

"आणखी?"

तिने फळ्याकडे बोट केलं. "बी असं रुजत नाही. तुम्ही आधी कोंब काढलाय. आधी मूळ खाली जातं. मग कोंब."

विश्रामने चित्राकडे पाहिलं. हेच चित्र तो तीन वर्षं काढत होता.

"हे बाकीच्यांना ठाऊक होतं?"

"आमच्या शेतात दरवर्षी बघतो, गुरुजी," रायसिंग म्हणाला. आता तो त्याचा स्वतःचा आवाज होता, थोडा घोगरा.

मग कोणीतरी म्हणालं, तुम्ही फार लवकर पुसता. कोणी म्हणालं, गोष्ट आमच्या बोलीत सांगितली तर कळते. वनिता म्हणाली, मला तेवढं सारखं उभं करू नका, बाकीच्या माझ्याशी बोलत नाहीत.

प्रत्येक वाक्य विश्रामला लागत होतं. तरी त्याने उठून चित्र पुसलं आणि मुलांनी सांगितलेलं सगळं फळ्यावर लिहून काढलं. पुढचा धडा कसा घ्यायचा ते त्यांनी मिळून ठरवलं. वर्गात गलका झाला होता. शेजारच्या वर्गाचे गुरुजी दारात येऊन बघून गेले.

त्यानंतर विश्राम रोज 'समजलं?' विचारून थांबायला लागला. पहिले दोन दिवस शांतताच होती. ती त्याला सोसवेना. तिसऱ्या दिवशी एक लहानसा आवाज आला, "नाही, गुरुजी." त्या 'नाही'ने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

दिवाळीनंतर गेलेल्या सातांपैकी चौघं परत आली. तिघं आली नाहीत.

हे सगळं सांगायला तो पुन्हा बाईंकडे गेला. निघताना पायरीवर घुटमळला.

"बाई, एक विचारू? मी पाच महिने त्या वर्गात होतो. तुम्ही एक सकाळ होतात. जमनी तुम्हाला कशी दिसली?"

भागीरथीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं...

"मला नाही दिसली, विश्राम. मला पोरांनी सांगितलं."